रिॲक्ट मराठीतून शिकवायचं तर: नव्या व्हिडिओमालिकेचा आराखडा

(कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज माझ्याकडे एकच विषय दिला आहे. वेबसाइटचे पडदे बनवण्यासाठी वापरली जाणारी रिॲक्ट ही लायब्ररी मराठीतून शिकवणारी नवी व्हिडिओमालिका आपण करायची ठरवली आहे. ती कोणासाठी करायची, किती धड्यांची, त्यात बोलणार कोण, आणि दोन वर्षांनी ती जुनी झाली की काय करायचं, याचा आराखडा मी मांडणार आहे. शेवटी तुमच्याकडून तीन कामं मागणार आहे, तेव्हा नुसतं ऐकायला आलोय असं कोणी समजू नका.

पहिला प्रश्न कोणीतरी विचारणारच, म्हणून मीच विचारतो. यूट्यूबवर रिॲक्टचे व्हिडिओ ढिगाने आहेत. इंग्रजीत आहेत, हिंदीत आहेत, फुकट आहेत. मग आपण आणखी भर कशाला घालायची? प्रश्न रास्त आहे, आणि ‘मराठीचा अभिमान’ हे त्याचं पुरेसं उत्तर नाही. पुरेसं उत्तर देता आलं नाही तर ही मालिका करूच नये, वेळ दुसऱ्या कामाला द्यावा, असं माझं मत आहे. माझ्याकडे दोन उत्तरं आहेत. एक रिॲक्टच्या वयाबद्दलचं आहे, दुसरं शिकणाऱ्याबद्दलचं.

रिॲक्ट म्हणजे काय, आणि तिचं वय

ज्यांचा प्रोग्रामिंगशी संबंध नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात सांगतो. किराणा दुकानदार उधारी लिहितो. समजा तो ती तीन ठिकाणी लिहितो: स्वतःच्या वहीत, गिऱ्हाइकाच्या छोट्या डायरीत आणि भिंतीवरच्या फळ्यावर. गिऱ्हाइकाने शंभर रुपये दिले की तिन्ही ठिकाणी खाडाखोड करावी लागते. एक जागा राहिली की भांडण ठरलेलं. जुन्या पद्धतीने वेबसाइट लिहिताना नेमकं हेच होतं. आकडा एक, पण तो पडद्यावर पाच ठिकाणी दिसतो आणि पाचही ठिकाणी तुम्हीच जाऊन बदलायचा. रिॲक्ट म्हणते, तुम्ही फक्त वहीत लिहा. फळा आणि डायरी कशी दिसायला हवी ते एकदा सांगून ठेवा, वही बदलली की बाकीचं मी बघते. या वहीला रिॲक्टमध्ये स्टेट म्हणतात. फळा, डायरी, पावती असे पडद्याचे जे तुकडे असतात त्यांना कंपोनंट म्हणतात. सगळी इमारत या दोन शब्दांवर उभी आहे.

ही लायब्ररी फेसबुकमध्ये तयार झाली आणि मे २०१३ मध्ये सगळ्यांसाठी खुली झाली. २०१७ पासून ती एमआयटी परवान्याखाली आहे. म्हणजे ती वापरायला, शिकायला, शिकवायला कोणाला एक रुपया द्यावा लागत नाही. फेब्रुवारी २०१९ मध्ये हुक्स आले आणि कंपोनंट लिहिण्याची पद्धतच पालटली. त्याआधी क्लास लिहावे लागत, आता साधं फंक्शन पुरतं. मार्च २०२३ मध्ये रिॲक्टचं अधिकृत मार्गदर्शक नव्याने लिहून प्रसिद्ध झालं, तेही हुक्स धरूनच. डिसेंबर २०२४ मध्ये एकोणिसावी आवृत्ती आली. आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘क्रिएट रिॲक्ट ॲप’ हे साधन नव्या कामासाठी वापरू नका, असं रिॲक्टच्या चमूनेच जाहीर केलं. वर्षानुवर्षं बहुतेक व्हिडिओंचा पहिला धडा याच साधनाने सुरू होत असे.

आता एखाद्या नवख्या मुलाचा विचार करा. तो शोधतो, सगळ्यात जास्त पाहिला गेलेला व्हिडिओ वर येतो आणि तो २०१८ चा असतो. त्यात क्लास आहेत. मुलगा आठ दिवस इमानेइतबारे टाइप करतो. मग दुसरा व्हिडिओ लावतो, तिथे सगळं वेगळंच. त्याला वाटतं, आपल्याला डोकं नाही. डोकं ठीक आहे, व्हिडिओची तारीख चुकीची आहे. जुने क्लास आजही चालतात, पण नव्याने शिकणाऱ्याने तिथून सुरुवात करायचं कारण नाही. म्हणून आपल्या प्रत्येक धड्यावर पहिल्याच चौकटीत दोन गोष्टी असतील: रिॲक्टची आवृत्ती आणि ध्वनिमुद्रणाचा महिना. हे माझं पहिलं उत्तर. ताजी, तारीख लिहिलेली आणि वेळोवेळी दुरुस्त होणारी मालिका दुर्मीळ आहे.

शिकणारी कोण आहे

दुसरं उत्तर जास्त महत्त्वाचं. आपण शिकवणार कोणाला?

२००६ च्या सच्चर समितीच्या अहवालात एक आकडा आहे. २० वर्षं आणि त्यावरच्या वयाच्या मुस्लिमांमध्ये पदवी किंवा पदविका घेतलेले ४ टक्क्यांहून कमी होते. एकूण लोकसंख्येत हे प्रमाण सुमारे ७ टक्के होतं. हा आकडा २००१ च्या जनगणनेवरचा आहे, आता पिढी बदलली आहे. पण ज्या घरांमध्ये तेव्हा कोणी पदवीधर नव्हतं, त्याच घरांतली मुलं-मुली आज पहिल्यांदा इंजिनिअरिंगला, बीसीएला, पॉलिटेक्निकला जात आहेत. घरात विचारायला कोणी नाही. अम्मी-अब्बांची दुआ आहे, पण ‘हा लाल रंगात काय मेसेज आलाय’ हे कोणाला विचारणार?

भाषेचं तर विचारूच नका. घरात दखनी किंवा कोकणी. शाळा मराठी, नाही तर उर्दू. मोहल्ल्यात हिंदी. आणि कॉलेजच्या पहिल्या दिवसापासून इंग्रजी. मी इंजिनिअरिंगला असताना वर्गात एक गोष्ट कायम दिसायची. ज्याला प्रश्न इंग्रजीत विचारता येत नसे तो प्रश्नच विचारत नसे. विषय कळला नाही असं नसायचं, न कळलेलं मांडायला भाषा नसायची. ती अडचण आजही आहे. समजलेली गोष्ट इंग्रजीत पाठ म्हणता येते. न समजलेल्या गोष्टीबद्दल प्रश्न विचारायला मात्र आपली भाषा लागते.

म्हणून आपल्या डोळ्यांसमोरची विद्यार्थिनी मी अशी धरतो. वय अठरा ते बावीस. मराठी वाचता-बोलता येतं. एचटीएमएलची तोंडओळख आहे. हातात फोन आहे. स्वतःचा लॅपटॉप नाही, पण कॉलेजच्या लॅबमध्ये किंवा आपल्या अभ्यासिकेत आठवड्यातून दोन-तीनदा संगणक मिळतो. घरातून रात्री उशिरा क्लासला जायची परवानगी नाही. इंटरनेटचा पॅक दिवसाच्या हिशोबाचा आहे. प्रत्येक निर्णय घेताना मी हिला विचारणार आहे. आणि एक स्पष्ट करतो. ही मालिका मुसलमानांनी केलेली असेल, मुसलमानांपुरती नसेल. ज्या मुलीचं वर्णन केलं ती शेजारच्या बौद्धवाड्यातही आहे, पारध्यांच्या वस्तीतही आहे. तिचीही अडचण हीच आहे.

कुठले शब्द ठेवायचे

भाषेबाबत दोन टोकं टाळायची आहेत. एक टोक असं की सगळं इंग्रजी तसंच ठेवून शेवटी ‘आहे’ लावायचं. ‘आपण कंपोनंटला रेंडर करून स्टेटला अपडेट करत आहोत’ हे मराठी नव्हे. दुसरं टोक म्हणजे स्टेटला ‘अवस्था’, कंपोनंटला ‘घटक’, फंक्शनला ‘फलन’ म्हणायचं. ऐकायला बरं वाटतं, पण ती मुलगी मुलाखतीला गेली की तिथे ‘घटक’ कोणालाच कळणार नाही. आपण तिच्यासाठी तिसरीच भिंत बांधलेली असेल.

माझा प्रस्ताव साधा आहे. नाव इंग्रजी, समजावणं मराठी. स्टेट, प्रॉप्स, कंपोनंट, की, इफेक्ट हे शब्द तसेच राहतील. पण प्रत्येक शब्द पहिल्यांदा येईल तेव्हा त्याचा इंग्रजीतला साधा अर्थ, त्याचं मराठी स्पष्टीकरण आणि घरातलं एक उदाहरण एवढं द्यायचंच.

कोणी विचारेल, कोडमधली नावं देवनागरीत लिहिली तर? जावास्क्रिप्टला ते चालतं, व्हेरिएबलचं नाव ‘पुस्तक’ असं देवनागरीत देता येतं. पहिल्या पूर्वतयारीच्या धड्यात आपण ते मुद्दाम दाखवू, कारण नाव आपण ठेवतो आणि शब्द भाषेचे असतात हा फरक त्याने लगेच कळतो. पण पुढे नावं इंग्रजीतच ठेवू. सोबत काम करणाऱ्यांना ती वाचता आली पाहिजेत.

आणि चुकीचे मेसेज. मालिकेचं खरं वेगळेपण मी इथे बघतो. ‘कॅनॉट रीड प्रॉपर्टीज ऑफ अनडिफाइन्ड, रीडिंग मॅप’ हा मेसेज रिॲक्ट शिकणाऱ्या प्रत्येकाला येतोच. बहुतेक व्हिडिओंत शिकवणारा चुकतच नाही, त्यामुळे तो येत नाही. आपल्या व्हिडिओत तो मुद्दाम येईल. शिकवणारी तो मोठ्याने वाचेल आणि मराठीत उलगडेल: ‘मॅप म्हणजे यादीवर एकेक करून फिरणं. जावास्क्रिप्ट म्हणतेय, तू फिरायला सांगितलंस पण यादीच नाहीये. का नाही? कारण ती सर्व्हरवरून यायची आहे, अजून आलेली नाही.’ हे एकदा ऐकलेली मुलगी पुढच्या वेळी लाल अक्षरांना घाबरणार नाही, वाचेल. इंग्रजीची भीती जायची असेल तर ती अशी एकेका वाक्याने जाईल.

धडे कोणते

एकूण २८ धडे. पहिले ४ पूर्वतयारीचे, फक्त जावास्क्रिप्टचे: फंक्शन, ऑब्जेक्ट, यादीवरचे मॅप आणि फिल्टर, आणि फाइलींची देवाणघेवाण. रिॲक्ट कळत नाही असं म्हणणाऱ्या अनेकांचं जावास्क्रिप्ट कच्चं असतं. पाया न घालता मजला चढवायचा नाही.

मग २४ धडे, सहा-सहाच्या चार भागांत. पहिला भाग पडद्याचा, दुसरा स्टेटचा, तिसरा सर्व्हरशी बोलण्याचा, चौथा खऱ्या कामाचा. चारही भागांत एकच प्रकल्प पुढे नेत जायचा: आपल्या अभ्यासिकेच्या वाचनालयाची नोंदवही. पुस्तकांची यादी, कोणाकडे कुठलं पुस्तक आहे, परत कधी यायचं, शोधायची सोय. कामांच्या यादीचं तेच ते उदाहरण सगळीकडे असतं, ते नको. वाचनालयाची वही आपल्याला खरंच हवी आहे. मालिका संपेल तेव्हा ती वापरात आलेली असली पाहिजे.

शिकवताना कुठे थांबायचं, त्याची चार ठिकाणं सांगतो. कोणीही स्क्रिप्ट लिहिली तरी ही चार ठिकाणं घाईने ओलांडायची नाहीत.

पहिलं ठिकाण ‘की’. यादीतल्या प्रत्येक ओळीला ओळख द्यावी लागते. आळसाने लोक ओळीचा क्रमांकच ओळख म्हणून देतात. वर्गात मुलांना बाकाच्या क्रमांकाने ओळखलं आणि पहिलं मूल उठून गेल्यावर सगळे एकेक बाक पुढे सरकले, तर गुण भलत्याच्याच नावावर जातील. आपल्या वाचनालयात तेच दाखवायचं. प्रत्येक पुस्तकासमोर शेरा लिहायची चौकट ठेवायची, तिच्यात काही टाइप करायचं आणि पहिलं पुस्तक यादीतून काढायचं. शेरा दुसऱ्याच पुस्तकासमोर दिसतो. मग ओळख म्हणून पुस्तकाचा नोंदणी क्रमांक द्यायचा. आता शेरा जागेवर राहतो. हे डोळ्यांनी पाहिलेलं मूल विसरत नाही.

दुसरं ठिकाण. बटण दाबल्यावर ‘आकडा अधिक एक’ असं लागोपाठ तीनदा लिहिलं, तरी आकडा एकानेच वाढतो. मुलं चक्रावतात. उत्तर असं की एका वेळच्या पडद्यासाठी स्टेट हा काढून ठेवलेला फोटो असतो. फोटोतल्या घड्याळात दहा वाजले आहेत. त्या फोटोकडे तीनदा बघून ‘एक तास पुढे’ म्हटलं तरी तिन्ही वेळा उत्तर अकराच येणार. तीनने वाढवायचं असेल तर रिॲक्टला ‘आधीचा जो असेल त्यात एक मिळव’ असं फंक्शन द्यायचं.

तिसरं ठिकाण. जुन्याच यादीत नवं पुस्तक घुसवलं आणि तीच यादी परत स्टेटला दिली, तर पडदा हलत नाही. रिॲक्ट दारातल्या माणसासारखी आहे. पिशवी बदलली का एवढंच बघते, पिशवी उघडून आतलं मोजत नाही. म्हणून नवी पिशवी घ्यायची, जुन्या वस्तू तिच्यात भरायच्या, वर नवी वस्तू टाकायची.

चौथं ठिकाण युजइफेक्ट. अनेक मालिका हा हुक तिसऱ्या-चौथ्या धड्यातच आणतात आणि मग मूल प्रत्येक गोष्टीला तोच लावत सुटतं. आपण तो तिसऱ्या भागापर्यंत आणायचाच नाही. अधिकृत मार्गदर्शकातही इफेक्टची गरज कुठे नसते यावर स्वतंत्र प्रकरण आहे. त्यातला धोका मी इंटरनेटच्या पॅकवरून समजावणार आहे. इफेक्टमध्ये सर्व्हरकडून यादी मागवली, ती स्टेटमध्ये ठेवली आणि इफेक्ट केव्हा चालवायचा ते सांगायची दुसरी यादी लिहायची विसरली, तर काय होईल? स्टेट बदललं म्हणून पडदा पुन्हा काढला जाईल, पडदा काढला म्हणून इफेक्ट पुन्हा चालेल, पुन्हा यादी मागवली जाईल. हे थांबणारच नाही आणि दिवसाचा पॅक दुपारीच संपेल. शिवाय इथे एक आगाऊ सूचना द्यावी लागते. काम चालू असताना, स्ट्रिक्ट मोडमध्ये, रिॲक्ट इफेक्ट मुद्दाम एकदा जास्त चालवून बघते. सर्व्हरला दोनदा विनंती गेलेली दिसली तर घाबरायचं नाही, तो तपासणीचा भाग आहे.

चौथ्या भागातला एक धडा मला विशेष जवळचा आहे: मराठी आणि उर्दू दोन्ही भाषांत चालणारा पडदा. ब्राउझरला मराठी आकडे येतात. अंक दाखवताना मराठी भाषेचा संकेत दिला की १२५० चं ‘१,२५०’ असं देवनागरीत रूप तो स्वतः करतो. उर्दूसाठी पानाची दिशा उजवीकडून डावीकडे करावी लागते. ‘डावी जागा’, ‘उजवी जागा’ असं सीएसएसमध्ये लिहिलं असेल तर सगळी मांडणी विस्कटते. त्याऐवजी ‘सुरुवातीची जागा’, ‘शेवटची जागा’ या अर्थाचे गुणधर्म वापरले तर दोन्ही लिप्या त्याच कोडमध्ये नीट बसतात. हे कौशल्य अनेक अनुभवी इंजिनिअरांकडेही नसतं. आपल्या मुलांना दोन लिप्या घरातूनच मिळाल्या आहेत. त्यांची ती अडचण नाही, शिदोरी आहे.

व्हिडिओ कसा असावा

प्रत्येक धडा सहा मिनिटांचा. हा आकडा मी हवेतून काढलेला नाही. एडएक्स या संस्थेच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांवर २०१४ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. व्हिडिओ पाहिल्याच्या सुमारे ६९ लाख नोंदी त्यात तपासल्या होत्या. व्हिडिओ कितीही लांब असो, लोक साधारण सहा मिनिटांपलीकडे टिकत नव्हते. वर्गातलं लांब व्याख्यान कापून केलेले तुकडेही, मुद्दाम ऑनलाइनसाठी केलेल्या छोट्या व्हिडिओंइतके चालत नव्हते. म्हणजे माझं दोन तासांचं व्याख्यान मुद्रित करून त्याचे वीस तुकडे करणं हा मार्ग नव्हे. प्रत्येक धडा स्वतंत्रच लिहावा लागेल.

आपल्याकडचं उदाहरण आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरिअल प्रकल्पाचं आहे. त्यांचे धडे मराठीसह अनेक भारतीय भाषांत आहेत. त्यांची पद्धत अशी: एका बाजूला व्हिडिओ चालतो, दुसऱ्या बाजूला विद्यार्थी तेच करत जातो. आधी संहिता लिहिली जाते, आणि विषय नवीन असलेल्या माणसाकडून ती तपासून घेतली जाते. हे शेवटचं आपण जसंच्या तसं उचलायचं. जाणकाराला कुठली पायरी गाळली गेली ते दिसत नाही, कारण ती पायरी त्याच्या पायाखालची झालेली असते. आपली प्रत्येक संहिता आधी रिॲक्ट न येणाऱ्या व्यक्तीने वाचायची आणि तिने अडलेल्या प्रत्येक जागी खूण करायची. ती खूण पुसण्याचा अधिकार लेखकाला नाही.

बाकीचे नियम झटपट सांगतो. अक्षर मोठं, एका ओळीत साधारण चाळीसच अक्षरं, कारण पाहणारी फोनवर पाहते आहे. पार्श्वसंगीत नाही. मराठी उपशीर्षकं असतील, म्हणजे घरात गडबड असली किंवा ऐकू येत नसलं तरी शिकता येईल. प्रत्येक धड्याच्या मध्ये एकदा थांबायचं आणि विचारायचं, ‘बटण दाबल्यावर काय होईल? आधी लिहून ठेव, मग पुढे जा.’ प्रत्येक धड्यासोबत एका पानाचा लेखी मजकूर आणि पूर्ण कोड. कमी दर्जाची, हलकी प्रत उतरवून घेण्यासाठी वेगळी. २८ धडे गुणिले सहा, म्हणजे १६८ मिनिटं. पाहायला तीन तासही लागत नाहीत. पण आठवड्याला दोन धडे या गतीने १४ आठवडे घ्यायचे, कारण शिकणं पाहण्यात नसतं, टाइप करण्यात आणि चुकण्यात असतं. त्यासाठी अभ्यासिकेतले संगणक ठरावीक वारी मोकळे हवेत, आणि मुलींच्या घरच्यांना चालेल अशा वेळी हवेत.

कोण बोलणार

निदान निम्मे धडे मुलींच्या, बायकांच्या आवाजात हवेत. ही माझी विनंती नाही, अट आहे. ‘प्रोग्रामिंग म्हणजे पोरांचं काम’ हे वाक्य आपल्याकडे तोंडाने कोणी बोलत नाही, पण प्रत्येक व्हिडिओतला आवाज तेच सांगत असतो. चेहरा दाखवायचा की नाही, नाव द्यायचं की नाही, हिजाब, बुरखा, काही नाही, हे सगळं ती ठरवेल. कोडच्या व्हिडिओला चेहरा लागत नाही. घरच्यांनी, संघटनेने किंवा प्रेक्षकांनी त्यावर मत द्यायचं कारण नाही. आणि खालच्या प्रतिक्रियांमध्ये घाण येणार, हे गृहीत धरून चालू. ती साफ करायचं काम बोलणारीवर टाकायचं नाही. त्यासाठी वेगळे दोघे जण नेमायचे आणि त्यातला एक तरी पुरुष असावा. हे झाडूकाम आपणही करायला शिकलं पाहिजे.

काय सांगायचं नाही

आता थोडं कडू. या मालिकेवर ‘नोकरीची हमी’ असं कुठेही लिहायचं नाही. अशी हमी देऊन हजारो रुपये घेणारे क्लास आपल्या वस्त्यांमध्ये फिरतात. कर्ज काढून, आईचे दागिने गहाण ठेवून फी भरलेली मुलं तुम्हालाही माहीत आहेत. रिॲक्ट आली म्हणून नोकरी मिळत नाही. नोकरी मिळायला ओळख लागते, इंग्रजी लागतं, शहरात राहायला जागा लागते, आणि आडनाव ऐकून ती जागा नाकारली जाते हेही आपल्याला माहीत आहे. यातलं काहीही सहा मिनिटांचा व्हिडिओ दूर करत नाही. तो एकच करतो: ‘मला हे जमणार नाही’ यातली जी भीती केवळ भाषेमुळे होती, तेवढी काढून टाकतो. बाकीची लढाई बाकीच्या मार्गांनी लढायची, त्यासाठीच ही चळवळ आहे.

आणि तुमच्या मनातला प्रश्न: आता कृत्रिम बुद्धिमत्ता कोड लिहून देते, मग शिकायचं कशाला? देते, चांगला देते, मीही रोज वापरतो. पण मिळालेला कोड चालतोय आणि बरोबर आहे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आत्ता सांगितलेलं शेऱ्याचं उदाहरण घ्या. ओळीच्या क्रमांकाची ‘की’ दिलेला कोड चालतो, दिसायला सुंदर दिसतो, आणि एक पुस्तक काढेपर्यंत काही चुकलंय असं वाटत नाही. ते ओळखायला डोक्यात वहीचं चित्र स्पष्ट असावं लागतं. यंत्राकडून काम करून घेणारा आणि यंत्राने दिलेलं मुकाट घेणारा, यांच्यातली दरी वाढत जाणार आहे. आपली मुलं दुसऱ्या बाजूला राहू नयेत, एवढ्यासाठी तरी पाया हवा.

पुढच्या वर्षी काय

शेवटचा मुद्दा, ज्यावर कोणी टाळ्या वाजवत नाही: निगा. मालिका सुरू करायला उत्साह पुरतो, ती जिवंत ठेवायला माणसं लागतात. सावित्रीबाईंनी १८५६ साली माहेरच्या आजारपणात जोतिरावांना लिहिलेल्या पत्रात फातिमेची काळजी केली आहे, आपल्या मागे कामाचा भार तिच्यावर पडत असेल म्हणून. फातिमा शेख यांचं नाव आपण मोठ्या अभिमानाने घेतो. त्या पत्रातून मी एवढंच शिकतो की, संस्था चालते ती मागे राहून रोजचं काम ओढणाऱ्यांवर, आणि तो भार एकटीवर पडू द्यायचा नसतो.

म्हणून प्रत्येक धड्याला दोन पालक. दर सहा महिन्यांनी धडा नव्या आवृत्तीवर चालवून बघायचा. चालला तर तारीख पुढे करायची. चालला नाही तर तेवढा सहा मिनिटांचा धडा नव्याने करायचा. धडे छोटे ठेवण्याचं हेही एक कारण आहे: एक वीट बदलता येते, भिंत पाडावी लागत नाही. सगळा मजकूर आणि कोड खुल्या परवान्याखाली ठेवायचा. उद्या कोणाला तो उर्दूत न्यायचा असेल, कोणाला गोव्यातल्या कोकणीत, तर त्यांनी परवानगीसाठी आपल्या दारात यायची गरज पडू नये.

आता माझी मागणी. मला तीन प्रकारची माणसं हवीत. रिॲक्ट येणारे चार जण, संहिता लिहायला आणि बोलायला. रिॲक्ट अजिबात न येणारे चार जण, त्या संहितांमध्ये अडायला. त्यांना आपलं अज्ञान लपवता येता कामा नये, तीच त्यांची पात्रता. आणि अभ्यासिकेची किल्ली ज्यांच्याकडे आहे त्यांच्यापैकी दोघे, जे आठवड्यातल्या दोन संध्याकाळी संगणक मोकळे ठेवतील. येत्या रविवारपर्यंत नावं द्या. पुढच्या रविवारी पूर्वतयारीच्या पहिल्या धड्याची संहिता आपण एकत्र बसून वाचू, आणि पहिली खूण कुठे पडते ते पाहू.